घरातला बुधवार

दारावर टकटक झाली तेव्हा घरात बुधवार होता आणि बाहेर शनिवार. बेल चालू असताना कुणीतरी बोटांच्या सांध्यांनी दार वाजवतंय, एवढ्यावरूनच खरं तर त्यानं ओळखायला हवं होतं. शनिवारी बेलचं बटण न दाबणारी माणसं या शहरात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि ती सगळी त्याच्या वडिलांना ओळखत होती. पण त्याच्या डोक्यात दुपारची पाळी होती, हातात चहाचा कप होता, आणि घरातल्या वाराची त्याला स्वतःलाच इतकी सवय झाली होती की बुधवारी सकाळी कोण येणार, आला असेल मीटर बघणारा, असं मनाशी म्हणत त्यानं कडी काढली. दारात प्रार्थनालयाचे कारभारी उभे होते. चार मजले जिन्यानं चढून आलेले, एक हात कठड्यावर, छाती भात्यासारखी हलतेय. त्यांच्या पाठीमागे लिफ्ट रिकामी, उघडी उभी होती. "लिफ्ट ठीक आहे रे," श्वास सापडल्यावर ते म्हणाले, "बिघडलोय तो मीच. शब्बाथ शालोम. मास्तर उठलेत ना? आज पुन्हा नऊच जमलोत. दहा झाल्याशिवाय प्रार्थना उभी राहत नाही, आणि नऊ म्हातारे एकमेकांची तोंडं बघत बसलेत. त्यांना चालवत नाही म्हणालास, कबूल. पण आम्ही दोघं हात देतो, बसत-उठत नेतो. खाली एक जण थांबलाय." त्यानं दार पुढे ओढायला हवं होतं, त्याचा हात तसा निघालाही. पण हे घर म्हणजे एक सरळ बोळ आणि त्याच्या टोकाला एक खोली, आणि त्या खोलीच्या टोकाला, पेटलेल्या दिव्याखाली, त्याचे वडील मांडीवर कोट घेऊन बटणाची काजं करत बसले होते. सुई वर गेली होती. दोरा ताणला गेला होता.

सुरुवात एका शब्दानं झाली होती, आणि तो शब्द त्यानं ठरवून उच्चारला नव्हता, निदान तो स्वतःला तसं सांगत आला होता. आई गेल्यापासून वडिलांच्या हातून वार सुटले होते. आधी तारखा गेल्या, मग महिने, ते कुणाचेही जातात. पण वार गेले तेव्हा ते घाबरले. सकाळी उठले की चष्म्याआधी विचारायचे, "आज वार कोणता?" सांगितलं की मान हलवायचे, आणि न्हाणीघरातून बाहेर येईपर्यंत पुन्हा विचारायचे. कारण त्यांच्या लेखी वार सात नव्हतेच. एक शब्बाथ होता, ज्यूंचा विसाव्याचा सातवा दिवस, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या सहा पायऱ्या होत्या. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आईनं दोन दिवे लावायचे, डोळ्यांवर हात धरायचे, वडिलांनी द्राक्षारसाचा प्याला भरून आशीर्वाद म्हणायचा, झाकलेल्या पावावरचं फडकं काढायचं. तिथून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत विस्तव नाही, बटण नाही, पैसा नाही, कात्री नाही, टाका नाही. लहानपणी त्याला हा दिवस नुसत्या मनाईंचा वाटायचा. पुढे विज्ञान शिकायला लागल्यावर त्याला त्यात एक गमतीदार काटेकोरपणा दिसायला लागला: किती शिवलं म्हणजे शिवणं, तर दोन टाके, एक टाका पडला तर तो गाठीशिवाय निसटतो, म्हणून दोन. कुणीतरी बसून हे मोजलं होतं. मग तेही ओसरलं, आणि जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा शनिवार हा त्याच्यासाठी इतर वारांसारखाच, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचा, गढूळपणा आणि क्लोरीन मोजायचा दिवस झाला. आई म्हणाली, "शनिवारी काय लोक पाणी प्यायचे थांबतात का?" आणि विषय मिटवला.

त्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. शुक्रवारची दुपारपाळी संपवून तो घरी यायचा तेव्हा वडील टेबलाशी बसलेले असायचे, न पेटवलेल्या दोन दिव्यांसमोर, अंधारात. सांभाळणाऱ्या बाईंना ते दिवा लावू द्यायचे नाहीत, कारण घरातल्याच कुणीतरी लावायचा. स्वतः लावायला जावं तर उजेड आहे की गेला ते त्यांना कळायचं नाही. एकदा ते तसेच उठायला गेले आणि खुर्चीसकट आडवे झाले. कपाळाला टेंगूळ आलं. बाई म्हणाल्या, "मी म्हटलं आजोबा, बटण दाबते नुसतं, तर माझा हात धरला. अंगात काय ताकद हो त्यांच्या! आणि मग रडले. मला पडणारा माणूस सांभाळता येतो, रडणारा नाही येत." त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी तो लवकर घरी आला, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, येताना पाव आणला होता, आणि वडील नुकतीच आंघोळ करून, केस विंचरून, धुतलेला सदरा घालून बसले होते. का कोण जाणे. "आज वार कोणता?" त्यांनी विचारलं. त्यानं त्या ओल्या, विंचरलेल्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "शुक्रवार." बस्स. वडिलांचा चेहरा एखादी चुरगळलेली घडी इस्त्रीखाली जावी तसा सरळ झाला. हात आपोआप छातीवर गेला, डावीकडून उजवीकडे, बोटांनी चाचपत. तो हात तो जन्मभर ओळखत होता. शिंपी दिवसभर सुई छातीवर टोचून ठेवतो, विसरतो, आणि तशीच शब्बाथात घेऊन जातो. म्हणून शुक्रवारी दिवस कलला की आधी छाती चाचपायची. लहानपणी वडील त्याच्याही छातीवर हात फिरवायचे. "तुझ्याकडे नाही ना एखादी?" तो खिदळायचा, गुदगुल्या व्हायच्या. त्या सोमवारी त्यानं दोन दिवे लावले, आईसारखे डोळे झाकले, आणि वडिलांनी एकही शब्द न चुकता आशीर्वाद म्हटला. ज्यांना दुपारी काय खाल्लं ते आठवत नव्हतं.

पुढचं सोपं होतं, आणि तेच त्याला नंतर सगळ्यात जास्त टोचलं, की ते इतकं सोपं होतं. खऱ्या वारात चार मिळवायचे. सोमवारचा शुक्रवार, मंगळवारचा शनिवार, आणि बाहेर जेव्हा शनिवार असेल तेव्हा घरात बुधवार. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, रेडिओ दुरुस्तीला गेला तो परत आला नाही, खिडकीसमोर तर शेजारच्या इमारतीची आंधळी भिंत होतीच. बाईंना समजावून सांगितलं. त्या ऐकून घेत म्हणाल्या, "माझं काय, मी तुमच्या वाराप्रमाणे बोलेन. पण देवाला तर कळत असेल ना कुठला वार ते?" ताई परदेशातून दर आठवड्याला फोन करायची. तिला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "बाबा जेवतायत ना नीट? मग झालं तर. तू म्हणजे सूर्यमालाच हलवलीस रे." पण सूर्यमालेचा इथे संबंधच नव्हता, हे प्रयोगशाळेत एका निवांत दुपारी, बाटल्या उलट्या-सुलट्या करत असताना, त्याच्या लक्षात आलं. दिवस पृथ्वीच्या गिरकीनं होतो, महिना चंद्रानं, वर्ष सूर्यानं. आठवडा कशानंच होत नाही. आकाशात आठवडा नाही. एखाद्या माणसाला उद्या झोपेतून उठवून जगातली सगळी उपकरणं हाताशी दिली तरी आज सातवा दिवस आहे की तिसरा, ते त्याला मोजता येणार नाही. त्याला कुणाला तरी विचारावं लागेल. आणि ज्याला विचारलं त्यानं कुणाला तरी विचारलेलं असेल. बापानं मुलाला सांगितलं, त्यानं त्याच्या मुलाला, कुणीही मधे खोटं बोललं नाही, एवढ्याच्या आधारावर हा दिवस हजारो वर्षं तग धरून आला होता. हा विचार त्याला तेव्हा सुंदर वाटला. बाटलीवर चिठ्ठी लावताना त्यानं गुरुवारच्या जागी सोमवार लिहिला आणि खोडला.

मंगळवार मात्र खरोखर बदलले. आधी तो वडिलांसाठी म्हणून फोन बंद करायचा; मग स्वतःसाठी. सोमवारी पाळी सुटताना पायांना घाई व्हायची. मंगळवारी दुपारी दोघं जण खिडकीशी बसायचे, समोरच्या भिंतीवरून उन्हाची पट्टी खाली सरकताना बघत, आणि वडील मधेच त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून म्हणायचे, "हे कुणी शिवलं? सैल आहे. उद्या बघू." उद्या बघू, आज नाही, या तीन-चार शब्दांत त्याला लहानपणी कधी न मिळालेला विसावा मिळायचा. आणि शनिवारी, म्हणजे घरातल्या बुधवारी, तो पाळीवर जायच्या आधी वडिलांना काम देऊन जायचा, कारण हात रिकामे राहिले की ते अस्वस्थ व्हायचे. जुने कोट तो कुठून कुठून गोळा करून आणायचा. बटणं उसवून ठेवायचा, म्हणजे त्यांना लावता येतील. काजं करताना त्यांचे हात थरथरायचे नाहीत. त्यांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही याचं नवल वाटलं होतं. टाक्याला टाका असा भिडायचा की काज छापल्यासारखं दिसायचं. ज्या माणसानं समज आल्यापासून एकाही शनिवारी सुई हातात धरली नव्हती, तो आता दर शनिवारी काजं करत होता, खुशीत, गुणगुणत. त्याला हे दिसत नव्हतं असं नाही. तो त्याकडे बघत नव्हता.

"मास्तर," कारभारी बोळातून दोन पावलं पुढे आले आणि थांबले. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग सुईकडे, मग त्याच्याकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मास्तर, आज..." आणि तेवढ्यात तो बोलला. नंतर कितीही वेळा मागे जाऊन पाहिलं तरी त्याला तिथे विचार सापडला नाही, फक्त घाई सापडली. "बाबा, काका चुकलेत," तो म्हणाला, "वयाप्रमाणे होतं असं. आज बुधवार आहे." कारभाऱ्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं; क्षणभर, खरंच क्षणभर, त्यांच्या डोळ्यांत भीती चमकून गेली, आपणच तर नाही ना चुकलो अशी. त्यांचंही वय तेच होतं. त्यांच्याही डोक्यातून काही ना काही रोज सांडत असणार. वडिलांनी मुलाकडे पाहिलं, मग कारभाऱ्यांकडे, आणि मग त्यांची नजर कारभाऱ्यांच्या चेहऱ्यावरून खाली घसरली आणि कोटावर थांबली. काळा, रुंद कॉलरचा, आतून रेशमी अस्तर लावलेला. तो त्यांनीच शिवला होता, कारभाऱ्यांच्या लग्नाच्या वर्षी, आणि मापं घेताना हे ठरलं होतं की हा फक्त शनिवारचा. कोटाच्या आत गळ्याभोवती प्रार्थनेचं वस्त्र गुंडाळलेलं होतं, कारण आज ते हातात धरून रस्त्यानं नेता येत नाही, अंगावर घालूनच न्यावं लागतं. खिसे सपाट होते. ना पाकीट, ना किल्ली. शिंप्याच्या नजरेला सपाट खिसा लगेच कळतो. वडिलांनी बोटं उघडली. सुई खाली पडली नाही. ती दोऱ्याला लटकत राहिली, अर्ध्या काजाखाली, आणि सावकाश झुलू लागली. दोरा तोडायची तर सोय नव्हती.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. "थंडीत हा कोट नव्हता," ते लटकत्या सुईकडे बघत म्हणाले, "थंडीत तो करडा होता. त्याआधी तो बाईचा, मोठ्या बटणांचा." डोक्यात नव्हे, हातांत राहिलेल्या कोटांवरून ते मागे मागे जात होते आणि जिथे जातील तिथे काजं होती. दोन टाक्यांचा हिशेब ज्यांनी त्याला शिकवला होता त्यांना एका काजाला किती टाके लागतात हे सांगायची गरज नव्हती. "मास्तर, तुम्हाला ठाऊक नव्हतं," कारभारी खाली वाकून, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "नकळत झालेलं वेगळं. चला तुम्ही. आमच्याकडे माणसं मोजतात हो, पापं नाहीत." वडिलांनी हात मांडीवरून उचलले आणि अंगापासून लांब धरले, ओले असल्यासारखे. "हे कुठे ठेवू?" ते म्हणाले. मग कारभारी सरळ झाले आणि त्याच्याकडे वळले. "मग तू चल," ते म्हणाले. साधंच म्हणाले, टोमणा नव्हता. "तूही त्यांच्याच घरातला आहेस. दहावा तू हो." इतक्या महिन्यांत हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं, की दहावे होऊ शकणारे चौथ्या मजल्यावर दोघं होते. "माझी ड्यूटी आहे," तो म्हणाला. कारभाऱ्यांनी मान हलवली. "हो. पाणी," ते म्हणाले, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागले. खालून कुणाचा तरी आवाज आला, "मिळाला का?" त्याचं उत्तर त्याला ऐकू आलं नाही.

त्या दुपारी त्यानं सगळी मापं घेतली आणि सगळी बरोबर निघाली. घरी आला तेव्हा तारे उगवून गेले होते, बाई निघून गेल्या होत्या, वडील त्याच खुर्चीत झोपले होते आणि दिवा तसाच पेटलेला होता, कारण विझवणंही मना. त्यानं दोरा कापला. सुई कापडी उशीत टोचली. सकाळी वडील उठतील, "आज वार कोणता?" विचारतील, आणि आपण खरं सांगू, रविवार, तेवढ्यानं सुरुवात होईल, असं त्यानं ठरवलं. सकाळी वडील उठले आणि त्यांनी विचारलं नाही. त्याला वाटलं, रागावलेत. पण राग धरायला जे लागतं तेच त्यांच्याकडे नव्हतं. दुपारपर्यंत त्यांना कारभारी आले होते हेही आठवेना. "कोण कारभारी? तो कसा येईल एवढे मजले?" काय झालं ते विसरून गेले होते, पण झालेलं अंगातून गेलं नव्हतं. त्यांनी सुईला हात लावला नाही. कोट पुढ्यात ठेवला तर मांडी आकसून घेतली. दिव्याचं बटण दाबलं की दचकायचे. बाईंनी गरम जेवण वाढलं तर ताटाकडे बघत बसायचे, चार घास खायचे, मरू नये एवढे, आणि ताट सारायचे. आणि दिवसात कितीतरी वेळा, कुठल्याही प्रहरी, हात छातीवर जायचा, डावीकडून उजवीकडे, चाचपत.

हे काय चाललंय ते त्याला कळायला थोडे दिवस लागले, आणि कळलं तेव्हा लहानपणाच्या शिवणाच्या टेबलाचा वास आला, खडूचा आणि तापल्या इस्त्रीचा. तो टेबलाखाली चिंध्यांत बसलेला, वरून वडिलांचा आवाज. एक माणूस वाळवंटात वाट चुकतो, आणि वारही चुकतो. त्यानं काय करायचं? सहा दिवस मोजायचे आणि सातवा पाळायचा. पण ते सहा दिवसही, कुणी सांगावं, त्यातलाच एखादा खरा शब्बाथ असेल. म्हणून रोज फक्त तेवढंच काम करायचं जेवढं जिवंत राहायला लागतं. "आणि सातव्या दिवशी?" टेबलाखालून त्यानं विचारलं होतं. "सातव्याही दिवशी तेवढंच." "मग सातवा वेगळा कसा?" मशीन थांबलं होतं. "त्या दिवशी तो प्याला भरतो आणि म्हणतो, आज," वडील म्हणाले होते. "तो म्हणतो म्हणून." आता ते वाळवंट चौथ्या मजल्यावर होतं. सहा मोजायला लागतं ते डोकं वडिलांकडे उरलं नव्हतं, म्हणून कुणाला तरी विचारायला हवं होतं, आणि विचारण्यासारखा घरात एकच माणूस होता. त्याला ते विचारत नव्हते. का ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. आणि जे त्यांना आठवतच नव्हतं त्याची माफी मागायची तरी कशी? त्यानं एकदा मागून पाहिली. गुडघ्यांवर बसून, सगळं पहिल्यापासून सांगून. वडिलांनी शांतपणे ऐकलं, एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तसं, आणि म्हणाले, "फार वाईट केलं त्यानं. बाप जिवंत आहे का त्याचा?"

ताई फोनवर म्हणाली, "मी तेव्हाच म्हणणार होते." बाईंनी सदरे आतून शिवून घट्ट केले. डॉक्टरीणबाई वजन करून गेल्या, जाताना बोळात म्हणाल्या, "त्यांना आनंद कशात वाटतो ते करा." आणि त्या आठवड्यात तो शेवटी साहेबांकडे गेला, सुट्टी शनिवारी करून मागायला, शुक्रवारची संध्याकाळ मोकळी मागायला, वाक्यं पाठ करून, भांडायच्या तयारीनं. साहेबांनी तक्त्यावर बोट फिरवलं आणि शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाले, "काय रे, तुझा शनिवार देऊन मंगळवार घेतोस का?" तिथला सहकारी बाटल्या पुसत होता. "घेतो की. मला काय, बायकोची सुट्टी मंगळवारीच असते," तो म्हणाला, आणि मग त्याच्याकडे वळून, "अरे, आधी बोलायचंस ना." एवढंच. सहकारी हसलासुद्धा. बाहेर येऊन तो गाळणीच्या टाक्यांच्या कठड्याला धरून उभा राहिला. खाली पाणी वाळूतून मुरत होतं, अगदी हळू. आपण कधी विचारलंच नव्हतं. साहेब देणार नाहीत असं धरून चाललो होतो, आणि धरून चालणं सोयीचं होतं, कारण शनिवार हातात आला असता तर शनिवारी वडिलांना हाताला धरून, पायी, त्या नऊ म्हाताऱ्यांच्या मधे नेऊन बसवावं लागलं असतं, आणि स्वतः शेजारी बसावं लागलं असतं. आकाशातला नसलेला आठवडा हलवणं त्याहून सोपं होतं.

शुक्रवारी तो दुपारीच घरी आला. पाव आणला. टेबलावर पांढरी चादर घातली, आईचे दोन दिवे घासले, प्याला धुतला. बाई म्हणाल्या, "आज खरा का?" तो हो म्हणाला. त्या वडिलांच्या जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाल्या, "आजोबा, आज खरा आहे बरं का," आणि चपला घालून गेल्या. समोरच्या भिंतीवरची उन्हाची पट्टी खाली उतरत उतरत नाहीशी झाली. त्यानं दिवे लावले, डोळे झाकले, आईचे शब्द म्हटले, हात काढले. वडील दिव्यांकडे बघत होते, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं तसे. त्यानं प्याला भरून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. ओठ हलले, एकदा, आणि मिटले. ज्या वाराची खात्री नाही त्यावर देवाचं नाव खर्च करायचं नाही, ही शिकवण तेवढी आत, अगदी खाली, शाबूत होती. मग त्यांचा हात छातीवर गेला आणि चाचपत चाचपत उजवीकडे आला, आणि तिथून पुढे सरकून, टेबलावरून, त्याच्या शर्टापर्यंत आला. बोटं त्याच्या छातीवरून फिरली, शिवणीवरून, खिशाच्या कडेवरून, काही टोचतंय का बघत. त्याला गुदगुल्या झाल्या नाहीत. तो श्वास धरून बसला. आता विचारतील. उत्तर त्यानं जिभेवर तयार ठेवलं होतं, दुपारपासून, खरं तर सगळा आठवडा. वडिलांनी हात मागे घेतला आणि मांडीवर उताणा ठेवला. खोली काळोखत गेली. दिव्यांच्या भोवती तेवढा उजेड राहिला. कुणी काही विचारलं नाही, आणि कुणी विचारणार नव्हतं, हे त्याला समजलं तेव्हा तो न विचारताच म्हणाला, "शुक्रवार." त्याच आवाजात, त्याच खोलीत, त्या सोमवारी म्हणाला होता अगदी तसंच ते ऐकू आलं.